डेंग्यूची रॅपिड कार्ड टेस्ट: कार्डाला साडेतीन स्टार, रिपोर्टला दीड

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे घाईतल्या लोकांची सुटका. कार्डाला पाचपैकी साडेतीन. ते कार्ड वापरून लॅबवाले जो रिपोर्ट हातात टेकवतात त्याला दीड, आणि तो दीड पण वेळेत व्हॉट्सअ‍ॅपवर आला म्हणून. ताप कितव्या दिवसाचा आहे हे न विचारता केलेली कार्ड टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात, आणि आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात हा एवढा साधा प्रश्न विचारणारी लॅब मला शोधत फिरावं लागलं.

बोलतेय ते डेंग्यूच्या रॅपिड टेस्टबद्दल. डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'डेंग्यू' लिहितात, लॅबच्या रेटकार्डवर 'डेंग्यू प्रोफाइल रॅपिड' नाहीतर 'डेंग्यू कॉम्बो' असलं काहीतरी असतं. आत काय, तर प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, प्रेग्नन्सी टेस्टची असते तशाच दिसणाऱ्या. एकीवर एनएस१, म्हणजे खुद्द विषाणूचं प्रोटीन. दुसरीवर आयजीएम आणि आयजीजी, या आपल्याच शरीराने विषाणूशी लढायला बनवलेल्या अँटीबॉडी. 'डेंग्यू डे १', 'बायोलाइन डेंग्यू ड्युओ' अशा नावांनी किट येतात, कंपनी कुठलीही असो आतला प्रकार साधारण हाच. पण काही लॅब दोन्ही पट्ट्या लावतात, काही एकच लावतात, आणि कुठली लावली ते बिल बघून कळत नाही. खरी गोम तिथेच आहे.

मागच्या पावसाळ्यात नवऱ्याला ताप भरला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सीबीसी आणि डेंग्यू लिहून दिलं, घराजवळच्या लॅबमध्ये (नाव घेत नाही, उगाच वाद नको) रक्त दिलं, संध्याकाळी पीडीएफ आली. आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह, आणि खाली ठळक अक्षरात 'डेंग्यू निगेटिव्ह'. एनएस१ चा पत्ताच नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, नवरा म्हणाला साधं व्हायरल दिसतंय, उद्यापासून लॅपटॉप उघडतो. ताप काही हटेना, डोळ्यांच्या मागे ठणका लागला, पाचव्या दिवशी हातावर लालसर पुरळ, मग परत रक्त, तीच लॅब, तीच पट्टी, आणि आता आयजीएम पॉझिटिव्ह, प्लेटलेट बहात्तर हजार. मी काउंटरवर जाऊन विचारलं की अहो मग परवा निगेटिव्ह कसा काय दिलात, तर तिथली मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, परवाच्या हिशोबाने तो बरोबरच होता."

आणि ती खोटं बोलत नव्हती हो, राग तर त्याचाच येतो. डास चावला, ताप आला, पण शरीर आयजीएम काही लगेच तयार करत नाही, साधारण ताप सुरू झाल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ती मोजण्याइतकी होते. त्याआधी अँटीबॉडीची पट्टी लावली तर ती कोरी येणारच, तिथे सापडण्यासारखं अजून काही नसतंच. पहिल्या दिवसापासून रक्तात असतं ते एनएस१, आणि ते साधारण पाच-सात दिवसांनी ओसरायला लागतं. म्हणजे सुरुवातीला एनएस१, नंतर आयजीएम, मधल्या दिवसांत दोन्ही लावलेले बरे. दुसऱ्या दिवशी नुसती अँटीबॉडी करून मोठ्या अक्षरात निगेटिव्ह छापणं म्हणजे एसटी सुटायच्या आधीच स्टँडवर जाऊन पाहुणे आले नाहीत असं घरी कळवण्यासारखं आहे. कार्डाची चूक शून्य. ते कार्ड त्या दिवशी लावणाऱ्याची आणि त्याखाली ते वाक्य छापणाऱ्याची शंभर टक्के.

माझी मावसबहीण नाशिकला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी केलंय तिने. दिवाळीत गेले होते तेव्हा तिच्या डोक्यावर बसून सगळं बघून घेतलं. आधी रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं करायचं. अँटीबॉडीच्या पट्टीला सीरम लागतं फक्त दहा मायक्रोलिटर, थेंब पण धड नाही, पिपेटच्या टोकाला चिकटलेलं दिसतं न दिसतं इतकंच. ते चौकोनी खिडकीत सोडायचं, मग गोल खिडकीत बफरचे मोजून थेंब, आणि पांढऱ्या पट्टीवर गुलाबी ओल हळूहळू वर सरकायला लागते. सीची, म्हणजे कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे, ती आली नाही तर कार्ड बाद. एमची रेघ आली तर आयजीएम पॉझिटिव्ह, जीची आली तर आयजीजी. पंधरा ते वीस मिनिटांत वाचायचं, त्यानंतर वाचायचं नाही, कारण पट्टी वाळत आली की नसलेली रेघ पण उमटल्यासारखी दिसते. हे सगळं कागदावर सोपं वाटतं. ऑक्टोबरमध्ये टेबलावर कार्डांची रांग लागलेली असते, प्रत्येकावर मार्करने पेशंटचा नंबर, एकीकडे फोन वाजतोय, एकीकडे कोणाचं तरी बाळ सुई बघून किंचाळतंय, आणि कार्ड नंबर अमुक कधी लावलं होतं ते भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर.

एक कार्ड तिने मला ट्यूबलाइटखाली तिरकं धरून दाखवलं. मला काहीच दिसलं नाही. ती म्हणाली, "ताई, नीट बघ, एमच्या इथे आहे एक फिकट." बघितलं, परत बघितलं, होती खरी, पेन्सिलने काढून खोडरबरने पुसल्यावर राहते तेवढीशी. नियमाप्रमाणे फिकट रेघ पण पॉझिटिव्हच. पण मला आधी न दिसलेली रेघ दिवसभर मान मोडून काम केलेल्या माणसाला रात्री नऊला दिसेल का, आणि दोन टेक्निशियन एकाच कार्डाकडे बघून तेच सांगतील का, हा प्रश्न डबीवरच्या टक्केवारीत कुठेच नसतो. तिने स्वतः सांगितलं की शंका आली की ती दुसऱ्याला बोलावते, आणि दुसरा नसेल तर नवीन कार्ड लावते, मालक किटच्या खर्चावरून कुरकुरला तरी.

डबीवरची टक्केवारी हा तर वेगळाच विषय. किटच्या आतल्या पत्रकात भारी भारी आकडे असतात. कंपन्या हे आकडे बऱ्याचदा आधीपासून पक्के पॉझिटिव्ह आणि पक्के निगेटिव्ह माहीत असलेल्या सॅम्पलवर काढतात, आणि आपल्या दारात येतो तो माणूस मधला असतो, ताप आहे पण कशाचा ते माहीत नाही, दिवस कितवा ते नीट आठवत नाही, कदाचित आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय. असा पूर्वी एकदा होऊन गेलेला असेल तर दुसऱ्या वेळी गणित अजून बिघडतं, आयजीजी झपाट्याने वर जाते, आयजीएम कमीच बनते, कधी पट्टीवर दिसतच नाही, आणि एनएस१ पण लवकर गायब होतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत त्यामुळे एकदा झाला म्हणून सुटलो असं नसतं, उलट दुसऱ्या वेळचा जास्त त्रासदायक ठरायची भीती असते. म्हणजे जिथे टेस्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडायला हवी तिथेच ती कच्ची.

आता आयजीजीबद्दल, कारण सगळ्यात जास्त घबराट तिनेच होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना ताप होता, रिपोर्टमध्ये एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. मुलाने तो शेवटचा शब्द लाल रंगात बघितला आणि घर डोक्यावर घेतलं. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, बकरीचं दूध कुठे मिळेल यासाठी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. बिचाऱ्या काकू तो पानांचा रस पिऊन उलट्या करून करून अर्ध्या झाल्या. शेवटी निघाला टायफॉइड. आयजीजी पूर्वी कधीतरी झालेल्या डेंग्यूची, जो कदाचित 'अंगावर काढलेला ताप' म्हणून विसरूनही गेला असेल. ती रक्तात वर्षानुवर्षं राहते.

आणि आपल्याकडे अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये देशभर सर्व्हे केला होता, ५ ते ४५ वयाच्या लोकांची रक्तं तपासली, तर ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूच्या अँटीबॉडी सापडल्या, आणि पश्चिम विभागात तर ६२.३ टक्के. म्हणजे आपल्या भागात रस्त्यावरची धडधाकट माणसं धरून आणली तरी निम्म्याहून जास्त जणांच्या अंगात ही आयजीजी निघेल. आता काही कंपन्या कार्ड असं बनवतात की आयजीजी खूप चढलेली असेल तरच रेघ यावी, म्हणजे सध्या दुसऱ्यांदा इन्फेक्शन चालू आहे असा अंदाज बांधता यावा, आणि काहींचं कार्ड थोड्याशा आयजीजीवरही रेघ दाखवतं. तुमच्या लॅबकडे यातलं कुठलं आहे? विचारून बघा, मी विचारलं तर "चांगल्या कंपनीचं आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळालं.

हिशोबाची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत. समजा टेस्ट शंभर डेंग्यूवाल्यांतले ८५ पकडते आणि डेंग्यू नसलेल्या शंभरातल्या १० जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते, आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत. मार्च महिन्यात तापाचे हजार पेशंट आले आणि त्यात खरे डेंग्यूचे २० असले, तर टेस्ट १७ पकडेल, आणि उरलेल्या ९८० मधल्या ९८ जणांना फुकटचा पॉझिटिव्ह देईल. ११५ पॉझिटिव्हमध्ये खरे १७. तेच ऑक्टोबरात हजारात ३०० खरे असले तर २५५ पकडेल, ७० खोटे निघतील, म्हणजे शंभर पॉझिटिव्हमधले अठ्ठ्याहत्तरएक खरे. कार्ड तेच, टेक्निशियन तोच, फक्त महिना बदलला. म्हणून उन्हाळ्यात कोणी सर्दी-खोकल्याबरोबर 'असू दे पॅकेजमध्ये' म्हणून डेंग्यू कार्ड करून घ्या म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

बाय द वे, रॅपिड अँटीबॉडीचा हा तमाशा आपण २०२० मध्ये बघितलाच आहे पण लोक विसरले. एप्रिलमध्ये आयसीएमआरने चीनच्या वॉन्डफो आणि लिव्हझॉन या कंपन्यांची कोविड अँटीबॉडी किट मागवली, राजस्थानने वापरून बघितली आणि सांगितलं की ९० टक्क्यांची अपेक्षा होती, अचूकता ५.४ टक्के आली. दोन दिवस वापर थांबवा असं आधी सांगितलं, मग २७ एप्रिलला किट परत करा म्हणून राज्यांना पत्र. वर भानगड अशी की २४५ रुपयांना आयात झालेलं किट ६०० ला विकलं जात होतं, हे दिल्ली हायकोर्टात एका दाव्यात बाहेर आलं आणि कोर्टाने ४०० वर आणलं. तेव्हाही किटचा दर्जा हा एक भाग, आणि कोणाला कितव्या दिवशी लावलं हा दुसरा भाग होताच, कारण जून २०२० मध्ये आलेल्या कॉक्रेनच्या (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात कोविडच्या अँटीबॉडी टेस्ट पहिल्या आठवड्यात जेमतेम ३० टक्के रुग्ण पकडतात, दुसऱ्यात ७२ आणि तिसऱ्यात ९१ असं दिसलं होतं. नंतर आपल्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुण्यातच 'कोविड कवच' नावाची एलायझा (कार्डाऐवजी प्लेटवर लावून मशीनने वाचायची टेस्ट) बनवली आणि ती सर्व्हेसाठी बरी चालली. पुढे लस आल्यावर अजून एक प्रकार, लोक कोविशील्ड घेऊन हौसेने अँटीबॉडी करून यायचे आणि निगेटिव्ह आली की लसीला शिव्या घालायचे. त्यातल्या कितीतरी टेस्ट न्यूक्लिओकॅप्सिडच्या, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रोटीनच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या होत्या आणि कोविशील्डने अँटीबॉडी बनतात त्या स्पाइकच्या, म्हणजे बाहेरच्या काट्यांच्या. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं.

असो, परत डेंग्यू. तुमच्या लक्षात आलं असेल की पेपरात बातमी येते, महापालिका हद्दीत डेंग्यूचे संशयित इतके हजार आणि पुष्टी झालेले त्यातले थोडेच, आणि मग सगळे म्हणतात आकडे दडवले. दडवादडवी होत असेल नसेल, पण त्यातला एक मोठा भाग या कार्डाचा आहे. सरकारी कार्यक्रमात कार्डावरचा पॉझिटिव्ह हा पक्का धरत नाहीत, एलायझा पद्धतीने एनएस१ किंवा मॅक-एलायझाने आयजीएम आली तरच पुष्टी. सरकारी सेंटिनल केंद्रांना, म्हणजे डेंग्यूवर नजर ठेवायला नेमलेल्या लॅबना, त्या मॅक-एलायझाची किट एनआयव्ही पुण्याहूनच जातात, आणि तिथे ही तपासणी फुकट होते, हे मला इतकी वर्षं पुण्यात राहून कोणी सांगितलं नव्हतं. मग खासगी लॅब सरसकट एलायझा का करत नाहीत? एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची, मशीन लागतं, काही तास जातात, चार सॅम्पलसाठी ती लावणं परवडत नाही, म्हणून दिवसभराची सॅम्पल साठवून एकदम लावतात आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. पेशंटला हवं असतं आजच. त्यामुळे कार्ड जिंकतं. लॅबवाल्यांची ही अडचण मला मान्य आहे, मान्य नाही ते रिपोर्टवर 'पद्धत' या रकान्यात काहीच न लिहिणं.

अजून एक, डेंग्यूच्या नात्यातले विषाणू, झिका, जपानी मेंदूज्वर वगैरे, यांच्या अँटीबॉडी एकमेकींसारख्या दिसतात आणि कार्ड फसू शकतं. पूर्वी हे पुस्तकी वाटलं असतं, पण २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला झिका सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरू होऊन पुण्यात बऱ्याच केसेस झाल्या, त्यामुळे गरोदर बाई घरात असेल तर नुसत्या कार्डावर गप्प बसू नका, डॉक्टरांना पीसीआरचं विचारा.

एवढं सगळं असूनही साडेतीन स्टार का, तर योग्य दिवशी योग्य पट्टी लावली आणि वीस मिनिटांच्या आत नीट वाचली तर कार्ड कामाचं आहे. रात्री आठ वाजता, तालुक्याच्या गावी उत्तर देणारं दुसरं आहे काय आपल्याकडे? मावसबहिणीच्या लॅबमध्ये पाड्यावरून लोक येतात, त्यांना उद्या या म्हटलं तर ते उद्या येत नाहीत. त्यांना एनएस१ ची ठसठशीत रेघ दाखवून थांबवता येतं. पॉझिटिव्ह एनएस१ वर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा. निगेटिव्ह कुठलाही असो, त्यावर ताप असेपर्यंत विश्वास ठेवू नये, आणि ताप उतरला म्हणूनही लगेच निर्धास्त होऊ नये कारण डेंग्यूत गडबड होते ती बहुतेकदा ताप उतरतानाच. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं काही दिसलं की कार्ड काय म्हणतं ते बघत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. आणि अंगदुखीवर मनाने ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉल तेवढी, डॉक्टर सांगतील तशी. आमच्याकडे दुसऱ्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिटकडे (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) जास्त लक्ष ठेवलं, रोज सीबीसी, भरपूर पाणी आणि ओआरएस, प्लेटलेट चढवाव्या लागल्याच नाहीत.

ऑनलाइन मिळणारं किट घरी आणून करायचा विचार असेल तर नको. किटवर लिहिलेलं असतं की हे प्रोफेशनल वापरासाठी आहे, वरून सीरम घरी काढणार कुठून, आणि वर सांगितलेली ती फिकट रेघ तुम्ही घाबरलेल्या डोळ्यांनी बघणार.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या लॅबने नुसत्या अँटीबॉडी कार्डाचे आठशे घेतले, मला जास्त वाटले. दिल्ली सरकारने २०१५ च्या साथीत डेंग्यू टेस्टवर ६०० आणि प्लेटलेट काउंटवर ५० रुपयांची मर्यादा घातली होती ते बिल बघताना आठवलं. त्या लॅबला मी रिपोर्टबद्दल लेखी कळवलं, पद्धत लिहा, तापाचा दिवस लिहा, पहिल्या पाच दिवसांतल्या निगेटिव्हखाली 'पुन्हा तपासा' एवढी ओळ टाका. उत्तरात फीडबॅकबद्दल आभार आणि फुल बॉडी चेकअपवर वीस टक्के सवलतीचं कूपन आलं.

आता आम्ही जातो ती लॅब थोडी लांब आहे. काउंटरवरचे काका फॉर्म भरतानाच विचारतात ताप कधीपासून, आणि तो दिवस रिपोर्टवर छापून येतो. एनएस१ एलायझा संध्याकाळी एकदाच लावतात, तोपर्यंत कार्ड हवं असेल तर करतात पण त्यावर 'रॅपिड, स्क्रीनिंग' असं स्पष्ट लिहितात. मागच्या आठवड्यात मुलाला ताप आला तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी अँटीबॉडी करायलाच नकार दिला, म्हणाले वहिनी, आज नुसतं एनएस१ आणि सीबीसी करा, उरलेले पैसे लागलेच तर शुक्रवारी द्या. या लॅबला साडेचार. अर्धा कापला कारण दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही, आणि घरी सॅम्पल न्यायला माणूस पाठवतात पण तो सकाळी सातलाच येतो आणि त्याचे शंभर वेगळे.